सुलतान व्हायचंय? मग ऐका

परवा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी जिलबीचा तुकडा मोडत निकाल दिला : ‘माणूस कसाही असो, पण अल्लाउद्दीन खिलजीसारखा कडक पाहिजे. गहू साडेसात जितलला मण म्हणजे साडेसातच!’ (जितल म्हणजे तेव्हाचं नाणं.) सगळ्यांच्या माना डोलल्या. मठ्ठा आला तरी डोलतच होत्या.

एवढी हौस आहे, तर होऊनच जा सुलतान. थोडं मार्गदर्शन करतो.

भांडवल दुसऱ्याच्या घरचं असावं. 1296 मध्ये त्याने देवगिरी लुटली तशी एखादी लुटा, आणि दिल्लीच्या गादीवरच्या चुलत्याला विचारू नका. चुलता सासराही असेल तर फारच बरं. त्याला गंगेकाठी भेटायला बोलवा आणि त्याचं मुंडकं भाल्यावर मिरवा. मग दिल्लीपर्यंत मुक्कामा-मुक्कामाला दगडफेकीच्या यंत्राने सोनं उधळत जा. लोक झालं गेलं विसरतात.

चुलत्याचे सरदार पैसे घेऊन तुमच्याकडे येतील. येऊ द्या. बस्तान बसलं की त्यांचीच मालमत्ता जप्त करा, काहींचे डोळे काढा. फक्त जे तिघे विकले गेले नाहीत, त्यांना सोडा. (हे त्या काळचा इतिहासकार बरनी याने लिहून ठेवलंय. फितुरीची पारख फितुरालाच!)

उरलेल्या सरदारांनी परवानगीशिवाय एकमेकांकडे जेवायला जायचं नाही, सोयरीक तर दूरच.

दारूबंदी करा. स्वतःचीही भांडी फोडा, जरा चारचौघांत.

आता काकांचा लाडका बाजार. दुआबातल्या, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या शेतकऱ्याकडून निम्मं पीक घ्या. शिवाय घरपट्टी, चराई. उरलेलं धान्य त्याने ठरल्या भावाने शेतावरच विकायचं, घरी साठवायचं नाही. ते वाहून आणणाऱ्या व्यापाऱ्यांना बायकापोरांसकट यमुनेकाठी वसवा, म्हणजे पळतील कुठे? बाजाराची खबर तीन वेगवेगळ्या माणसांकडून रोज घ्या, कारण तिघांचाही भरवसा नाही. पाऊस कमी झाला म्हणून बाजाराचा अधिकारी ‘अर्धा जितल वाढवू का’ म्हणाला, तर त्याला वीस छड्या. सौद्याला लहान पोरं पाठवा, आणि वजनात जेवढं कमी भरेल तेवढं मांस दुकानदाराच्या अंगाचं कापून काढा. आणि हे कशासाठी? काकांच्या पोळीसाठी? अहो, 1303 मध्ये मंगोल दिल्लीला वेढा घालून बसले होते! कमी पगारात मोठी फौज पोसायची होती, म्हणून शिपायाचा गहू स्वस्त हवा होता. ती स्वस्ताई दिल्लीची, आणि तिची भरपाई करत होता तो उन्हातला माणूस, ज्याचं नावही कुठे लिहिलेलं नाही.

वारसांची चिंता नको. 1316 मध्ये अल्लाउद्दीन गेला आणि त्याच्याच लाडक्या सेनापतीने, मलिक काफूरने त्याच्या दोन मुलांचे डोळे काढले. पुढे त्याचा आणखी एक मुलगा मुबारकशहा गादीवर आला आणि सगळे कायदे गुंडाळले गेले. भाव चढले. वीस वर्षांचा दरारा, आणि मागे उरलं काय?

काका, उपरोध पुरे. ‘कडक माणूस पाहिजे’ म्हणताना तुम्ही स्वतःला दरबारात बसवता. कोण बसवणार आहे तुम्हाला? तुम्ही त्या तागडीपाशी उभे असाल, नाहीतर त्या शेतात. कापलेलं मांस कोणाचं होतं, याचा विचार न करता भावाचं कौतुक करायला लाज वाटायला हवी. तुमचा धाकटा भाऊ अजून गावाकडे गहू काढतो ना? मग पुढच्या पंगतीत हे बोलण्याआधी त्याला फोन लावा आणि विचारा, निम्मं पीक देतोस का म्हणून.