आर्खोन म्हणजे अथेन्सचा पंतप्रधान? त्या व्हायरल मेसेजमधला एकेक मुद्दा तपासू

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला, त्यातले दोन ग्रुप स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचे आहेत आणि तिथे तो चक्क नोट्स म्हणून सेव्ह केला जातोय, म्हणून हे लिहायला बसलो. आर्खोन हे प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्स शहरातलं एक सरकारी पद, आणि त्याबद्दलचा मेसेज थोडक्यात असा आहे: "जगातली पहिली लोकशाही अथेन्सची. लोकांनी राजाला हाकललं आणि मतदान करून आर्खोन निवडला. आर्खोन म्हणजे आजचा पंतप्रधान. सगळी सत्ता एका खंबीर माणसाच्या हातात होती म्हणूनच अथेन्स मोठं झालं. याच आर्खोनने सॉक्रेटिसला विष दिलं. पुढे रोमन आले आणि हे पद बंद झालं."

सहा वाक्यं आहेत आणि पहिलं सोडलं तर एकही जसंच्या तसं टिकत नाही. पहिल्यावरही वाद होऊ शकतो पण ते आज बाजूला ठेवू.

"लोकांनी राजाला हाकललं." असं एका दिवसात काही झालेलं नाही. या पदाबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं 'अथेन्सची राज्यघटना' नावाच्या एका छोट्या ग्रंथातून कळतं, तो ॲरिस्टॉटलच्या किंवा त्याच्या शिष्याच्या नावावर आहे. हा ग्रंथ शेकडो वर्षं हरवलेला होता, मग इजिप्तमध्ये पपायरसच्या, म्हणजे त्या काळच्या लव्हाळ्याच्या कागदाच्या, गुंडाळ्या मिळाल्या आणि १८९१ मध्ये ब्रिटिश म्युझियमने तो छापला. त्या पपायरसच्या एका बाजूला शेतीच्या जमाखर्चाचे हिशेब आहेत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी हा ग्रंथ उतरवून घेतलाय, म्हणजे रद्दीच्या पाठीवर अथेन्सची घटना वाचली! तर त्यात दिलेली परंपरा अशी की आधी राजा होता, तो लढाईत कमी पडायला लागला म्हणून पोलेमार्खोस म्हणजे युद्धप्रमुख नेमला, नंतर आर्खोन आला, हा आधी तहहयात असायचा, मग दहा वर्षांसाठी, आणि शेवटी इ.स.पू. ६८२ च्या सुमारास एका वर्षासाठी. यातला सुरुवातीचा भाग इतिहासकार दंतकथा धरूनच वाचतात, पण एक गोष्ट पक्की आहे, राजा हे नाव कधी गेलंच नाही. 'बॅसिलेउस', म्हणजे शब्दशः राजा, हा पुढेही दरवर्षी बदलणारा अधिकारी म्हणून राहिला आणि त्याच्याकडे मुख्यतः देवधर्माची कामं आली. मग हाकललं कुणाला?

"आर्खोन म्हणजे पंतप्रधान." आर्खोन एक नव्हता, नऊ होते. ज्याच्या नावाने वर्ष ओळखलं जायचं तो मुख्य आर्खोन, मग बॅसिलेउस, पोलेमार्खोस, आणि सहा थेस्मोथेताई जे कोर्टकचेरीचं काम बघायचे. आता हेही खरं की सुरुवातीच्या काळात मुख्य आर्खोनकडे खरोखर ताकद होती आणि ते नाकारायचं कारण नाही. सोलोनने इ.स.पू. ५९४ मध्ये कर्जं रद्द केली, कर्जापायी गुलाम होण्याची पद्धत बंद केली, ते आर्खोन असतानाच. त्याच्यानंतर या पदावरून इतकी भांडणं झाली की काही वर्षं आर्खोन नेमताच आला नाही, आणि दमासियास नावाचा एक जण एका वर्षासाठी बसला तो दोन वर्षं दोन महिने उठलाच नाही, शेवटी जबरदस्तीने काढावा लागला. ग्रीकमध्ये आर्खोन नसलेल्या वर्षाला 'अनार्खिया' म्हणतात. आपल्या 'अराजक' शब्दाची घडण बघा, राजा नाही ते अराजक, आर्खोन नाही ती अनार्खिया, दोन्ही भाषांनी गोंधळाला अगदी सारखं नाव दिलंय.

त्याच शतकाबद्दलचा एक तुकडा मला फार आवडतो. अथेन्सच्या अगोरामध्ये, म्हणजे बाजारचौकात, उत्खननात एक फुटका दगड मिळाला. आर्खोनांची यादी कोरलेली, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटाकडची, पण नावं त्याच्या शंभर वर्षं आधीची. कडा तुटल्यामुळे नावांचे फक्त मधले तुकडे उरलेत, त्यातून एकाखाली एक हिप्पियास, क्लेइस्थेनेस, मिल्तिआदेस अशी नावं जुळतात. आता हिप्पियास म्हणजे तेव्हाचा हुकूमशहा, त्याच्या आधीचा हुकूमशहा पेइसिस्त्रातोस याचा मुलगा. आणि क्लेइस्थेनेस म्हणजे ज्याने पुढे इ.स.पू. ५०८ मध्ये लोकशाहीची मांडणी केली तोच! ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या सांगण्यावरून वाटतं की क्लेइस्थेनेसचं घराणं त्या सगळ्या काळात हद्दपार होतं, आणि हा दगड सांगतो की हुकूमशाहीत तो आर्खोन होऊन गेला होता. म्हणजे बाहेरून नियम तेच, दरवर्षी नवा आर्खोन, पण खुर्चीवर कोण बसणार हे एक घराणं ठरवतंय. ज्यांना वाटतं की पदाचं नाव तेच राहिलं म्हणजे कामही तेच राहिलं त्यांनी हा दगड लक्षात ठेवावा.

आता "मतदान करून निवडला" हा मुद्दा, आणि माझ्या मते मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक इथे आहे कारण ती लोकशाहीचा अर्थच उलटा करते. लोकशाहीच्या भरभराटीच्या काळात आर्खोन मतदानाने निवडले जात नव्हते, त्यांची सोडत निघायची. वॉर्डाच्या आरक्षणाची आपल्याकडे निघते ना, तशी. इ.स.पू. ४८७ पासून आधी निवडलेल्या उमेदवारांमधून सोडत सुरू झाली आणि पुढे तर उमेदवारही सोडतीनेच ठरायला लागले, म्हणजे सोडतीवर सोडत, आणि तीसुद्धा शेंगेतले दाणे वापरून. अथेन्सच्या नागरिकांच्या दहा टोळ्या, म्हणजे जमाती, होत्या आणि आर्खोन नऊ, मग दहाव्या टोळीवर अन्याय नको म्हणून थेस्मोथेताईंचा चिटणीस त्या टोळीतून घ्यायचे. इतका बारीक विचार केलाय! त्यांचं म्हणणं सरळ होतं, मतदान ठेवलं की पैसेवाला, खानदानी, चांगलं बोलणारा निवडून येतो, सोडतीत कुणाचंही नाव निघू शकतं.

कुणाचंही म्हणजे अगदी कुणाचंही नाही, हेही सांगायला हवं. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन राहिलेले नाहीत. नागरिकांमध्येही आधी फक्त वरच्या उत्पन्न गटातले, मग इ.स.पू. ४५७ पासून मधल्या शेतकरी गटातले, आणि सगळ्यात खालचा गट कागदावर कायमच बाहेर. पण त्या पपायरसमध्ये लिहिलंय की सोडतीला उभ्या राहिलेल्या माणसाला गट विचारला तर 'मी खालच्या गटातला' असं कुणीच म्हणत नाही. म्हणजे कायदा तसाच ठेवला आणि अडवणं मात्र सोडून दिलं.

मग "खंबीर माणसाच्या हातात सत्ता". सोडत आली तसा आर्खोन मागे पडला आणि स्ट्रॅटेगोस, म्हणजे दहा सेनापती, पुढे आले, कारण ते मतदानाने निवडले जायचे आणि परत परत उभे राहू शकायचे. हा बदल होताना बघायचा असेल तर इराणी फौजेविरुद्धची मॅरेथॉनची लढाई बघा, इ.स.पू. ४९०. दहा सेनापतींचं एकमत होईना, लढायचं की नाही यावर पाच-पाच मतं पडली, तेव्हा अकरावं मत पोलेमार्खोस कल्लिमाखोसचं होतं, सेनापतींपैकी एक असलेल्या मिल्तिआदेसने त्याला पटवलं, त्याने लढाईच्या बाजूने मत दिलं आणि त्याच लढाईत तो मेला. पुढे पोलेमार्खोसचं काम काय राहिलं? परक्या रहिवाशांचे खटले आणि युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ होणारे खेळ. युद्धप्रमुख हे नाव तेच, युद्ध गेलं. आणि मेसेजमध्ये जो खंबीर माणूस डोळ्यासमोर ठेवलाय तो बहुतेक अथेन्सचा सगळ्यात गाजलेला नेता पेरिक्लेस असावा, तर पेरिक्लेस आयुष्यात कधी आर्खोन नव्हता, त्याचा चरित्रकार प्लुटार्क स्पष्ट लिहितो की नऊपैकी कुठल्याच पदासाठी त्याचं नाव सोडतीत निघालं नाही. तो सलग पंधरा वर्षं स्ट्रॅटेगोस होता, आणि तेही दरवर्षी लोकांपुढे मत मागून.

आर्खोनला मनमानी करायला जागाच ठेवली नव्हती. एक वर्ष, आणि तेच पद परत नाही. नाव निघालं तरी लगेच खुर्ची नाही, आधी छाननी, तीही दोनदा, एकदा पाचशे जणांच्या मंडळापुढे आणि एकदा कोर्टापुढे. त्यात त्याची हुशारी विचारत नव्हते. तुझा बाप कोण, कुठल्या गावचा, आजोबा कोण, आई कोण, आईचा बाप कोण. घरचे देव कुठे आहेत. पूर्वजांची थडगी कुठे आहेत. आईवडिलांना नीट वागवतोस का. कर भरतोस का. मोहिमांवर गेला होतास का. मग म्हणायचे साक्षीदार बोलव, आणि सगळ्यांना विचारायचे, या माणसाविरुद्ध कुणाला काही बोलायचंय का? हे प्रश्न मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आईवडिलांच्या प्रश्नावर थांबलो होतो, पद देण्याआधी माणूस घरात कसा वागतो हे विचारणं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. ते झालं की बळी दिलेल्या जनावराचे तुकडे ठेवलेल्या दगडावर उभं राहून शपथ, कायद्याप्रमाणे वागेन, भेटी घेणार नाही, घेतल्या तर सोन्याचा पुतळा अर्पण करेन. तिथून अक्रोपोलिसवर, म्हणजे शहरातल्या देवळांच्या टेकडीवर, जाऊन तीच शपथ परत. हा दगड आजही तिथे आहे, १९७० मध्ये अगोरातली 'राजाची ओसरी', म्हणजे बॅसिलेउसचं ऑफिस, उत्खननात सापडलं आणि तिच्यासमोरच हा मोठा चुनखडीचा दगड होता. वर्ष संपलं की हिशेब द्यायचा, त्यातून सुटला की अरिओपागस या जुन्या मंडळात आयुष्यभराची जागा, पण त्या मंडळाचे अधिकारही लोकशाहीवादी नेता एफिआल्तेस याने इ.स.पू. ४६२ मध्ये कापले.

मग मुख्य आर्खोन वर्षभर करायचा काय? मद्याचा देव डायोनिससचा उत्सव, त्यातल्या नाटकांच्या कोरसचा, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या ताफ्याचा, खर्च करायला श्रीमंत लोक नेमणं, आणि अनाथ मुलं, भाऊ नसलेल्या मुली, नवरा गेल्यावर गरोदर असलेल्या बायका, यांच्यावर कुणी अन्याय केला तर तो खटला घेणं. हे काम पंतप्रधानाचं नाही पण लहानही नाही, एखाद्या अनाथ पोराची जमीन काकाने लाटली तर दाद याच माणसाकडे मागायची होती.

सॉक्रेटिसचं थोडक्यात. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याच्यावरची तक्रार बॅसिलेउसकडे गेली, कारण धर्माविरुद्धचे गुन्हे त्याच्या खात्यात येत होते, आणि प्राथमिक सुनावणी त्याच ओसरीत झाली. दोषी ठरवलं ते सुमारे पाचशे नागरिकांच्या ज्युरीने, शिक्षाही मतं मोजून त्यांनीच दिली. एका अधिकाऱ्याच्या माथी ते मारलं की पाचशे सामान्य माणसांची जबाबदारी पुसली जाते, आणि या प्रकरणात अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी तीच आहे.

राहिलं "रोमनांनी बंद केलं". उलट रोमन काळात या पदाला नवा भाव आला! रोमची सत्ता यायच्या आधीच्या नियमांना मात्र धक्के बसले, इ.स.पू. ९१ पासून मेदेइओस नावाचा बडा माणूस सलग तीन वर्षं आर्खोन होता, जे पूर्वी शक्यच नव्हतं, आणि त्यानंतर पोन्तोसचा राजा मिथ्रिदातेस याच्या रोमशी झालेल्या युद्धात अथेन्स ओढलं गेलं ते वर्ष परत 'अनार्खिया' म्हणून नोंदलं गेलं. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने शहर लुटलं. पण यादी चालूच राहिली. फक्त आता आर्खोन होणं म्हणजे शहरासाठी खिसा रिकामा करू शकणारा श्रीमंत माणूस असणं, हेरोडेस अत्तिकोससारखा. हेड्रियन सम्राट व्हायच्या आधी, इ.स. ११२ च्या सुमारास, अथेन्सचा आर्खोन होता, आणि डायोनिससच्या थिएटरमध्ये त्याच्या पुतळ्याचा जो चौथरा मिळाला त्यावर रोमच्या सगळ्या पदांसोबत तेही कोरलंय. आणि ज्या स्ट्रॅटेगोसने आर्खोनला मागे टाकलं होतं त्याचं काय झालं? रोमन काळातल्या अथेन्समध्ये मुख्य स्ट्रॅटेगोसच्या कामांत मोठं काम होतं शहराला धान्य पुरवण्याची व्यवस्था बघणं. सेनापती धान्यपुरवठ्यावर आला.

किती काळ चाललं हे? तत्त्वज्ञ प्रोक्लोस इ.स. ४८५ मध्ये वारला, आणि त्याच्या शिष्याने चरित्रात तारीख देताना लिहिलं की तेव्हा अथेन्सचा आर्खोन धाकटा निकागोरास होता. सोलोनच्या आधीपासून वर्षं मोजायची जी पद्धत होती तीच, पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा सम्राट पडल्यावरसुद्धा. इ.स.पू. ६८२ पासून धरलं तर साडेअकराशे वर्षांहून जास्त झाली.

त्यानंतर बायझेंटाईन काळात आर्खोन हा शब्द सरसकट कुठल्याही अधिकाऱ्याला, सरदाराला लागला, तुर्कांच्या काळात गावोगावच्या ग्रीक पुढाऱ्यांना लागला, आणि आजही कॉन्स्टँटिनोपलचं ऑर्थोडॉक्स धर्मपीठ चर्चसाठी काम करणाऱ्या गृहस्थांना आर्खोन हा किताब देतं. अथेन्सच्या महापौराला मात्र ग्रीकमध्ये 'दिमार्खोस' म्हणतात, आणि हा शब्दही क्लेइस्थेनेसच्या वेळचाच, तेव्हा तो एकेका गावाच्या प्रमुखाला होता.