"गेटच्या बाहेर कंपनीची जबाबदारी नाही" म्हणणाऱ्यांसाठी

ते फॉरवर्ड तुमच्याकडेही आलं असेल. "कामगारांनो लक्षात ठेवा, पंच आऊट झालं की कंपनीचा संबंध संपला, रस्त्यावरच्या अपघाताची भरपाई मिळत नाही, स्वतः सही करून दिली असेल तर अजिबातच नाही, कंत्राटी असाल तर विसरा, चूक तुमची असेल तर तोंडच उघडू नका." मी एरवी असलं काही वाचत पण नाही. पण हे मला माझ्या मावसभावाने पाठवलं, पायात रॉड घालून पडलाय तो, आणि खाली लिहिलेलं, "जाऊ दे दादा, आपल्याला काय मिळणार नाही."

सेकंड शिफ्ट करून घरी येताना खडीवरून त्याची बाईक घसरली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर हॉस्पिटलात आला तो टाईप केलेला कागद घेऊनच, "अपघात खाजगी कामानिमित्त झाला असून माझी कसलीही मागणी नाही." उजव्या हाताला सलाईन, म्हणून पोराने डाव्या हाताने सही केली. वाकडीतिकडी, ओळखू पण येत नाही.

म्हणून आधी या सहीचंच बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं, लोक सही केली म्हणून लाजेने गप्प बसतात. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम 17 सरळ सांगत होतं की भरपाईचा हक्क सोडायला लावणारा कुठलाही करार रद्दबातल. म्हणजे तुम्ही शुद्धीत, राजीखुशीने, दहा साक्षीदारांसमोर सही केलीत तरी हक्क जात नाही. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद तशीच ठेवलीय. "खाजगी काम" हे वाक्य तेवढं खोडून काढावं लागेल, पण ते पुराव्याचं काम झालं, हक्क गेला असं नाही.

आता गेटचा मुद्दा. इथे एक गोष्ट मान्य करतो, हे पूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. 1996 साली सुप्रीम कोर्टानेच सायकलवरून कामावर निघालेल्या एका कामगाराला ईएसआयचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या कर्मचारी राज्य विम्याचा, लाभ नाकारला होता, कारखाना जेमतेम किलोमीटरभर लांब असताना. पण 2010 मध्ये ईएसआय कायद्यात कलम 51ई आलं, आणि घर ते काम या प्रवासातला अपघात कामावरचाच धरायचा असं ठरलं, फक्त वेळ, जागा आणि परिस्थितीचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे.

आणि 29 जुलै 2025 चा निकाल तर आपल्याच मातीतला आहे. साखर कारखान्याचा वॉचमन, ड्युटी पहाटे 3 ची, बाईकवरून निघाला आणि कारखान्यापासून 5 किलोमीटरवर अपघातात गेला, 2003 साली. उस्मानाबादच्या कामगार भरपाई आयुक्तांनी 3,26,140 रुपये आणि व्याज मंजूर केलं, हायकोर्टाने 2011 ला ते रद्द केलं, आणि सुप्रीम कोर्टाने परत दिलं. 1923 च्या कायद्यातही प्रवासातला अपघात येऊ शकतो असं त्यात स्पष्ट म्हटलंय. बावीस वर्षं त्या घराने काढली. तरी लोक अजून "गेटच्या बाहेर काही नाही" पसरवतायत, याचा खरंच संताप येतो. नव्या संहितेत तर हा प्रवास थेट लिहूनच टाकलाय.

हां, सुट्टीच्या दिवशी फिरायला गेलात किंवा शिफ्ट सुटल्यावर भलत्याच गावाला लग्नाला निघालात तर नाही मिळणार, एवढंच त्या मेसेजमधलं खरं.

कंत्राटी? जुन्या कायद्याचं कलम 12 बघा, कंपनीच्या धंद्याच्या कामावर ठेकेदाराचा माणूस असेल तर मूळ कंपनीकडे मागता येतं, ठेकेदाराशी तिने काय ते बघून घ्यावं. आणि चूक म्हणाल तर साधा निष्काळजीपणा भरपाई अडवत नाही. दारू पिऊन गाडी चालवली तर वेगळं, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर मालकाला ती सबब पण चालत नाही.

एक काम मात्र आधी करा, पगाराच्या स्लिपवर ईएसआय कापलाय का बघा. कापला असेल तर पैसे ईएसआयकडून मागायचे, मालकाकडे वेगळा दावा चालत नाही. नसेल तर मालकावर दावा, मुदत दोन वर्षं.

भावाच्या स्लिपवर कापलेला निघाला, तीन महिन्यांच्या स्लिपा मी स्वतः बघितल्या. शिफ्ट 11 ला सुटली, बाईक 11:40 ला पडली, तीही घराच्याच रस्त्यावर. गेटच्या नोंदीची कॉपी आज लेखी मागितलीय, अर्जाच्या पोचवर शिक्का घेऊनच आलो.