लागता काय?

आमच्या गावात व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांचा रेडिओ दाखवला की लोक एकच विचारतात, ‘‘लागता काय?’’ कुठल्या सालचा, किती बँडचा, कॅबिनेट लाकडाचं की बॅकेलाइटचं, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. माझ्याकडे अकरा रेडिओ आहेत. त्यातले नऊ लागत नाहीत, दहावा मनात आलं तर लागतो, आणि पाचेक वर्षांपूर्वीची ही हकीकत अकराव्याची.

तो देवगडच्या बाजूला एका जुन्या घराच्या माळ्यावर मिळाला. घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि मोडका पाळणा यांच्या मागे धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मालक म्हणाले, ‘‘घेवन जावा, कोणाक व्हयो?’’ पण मी फडकं सोडून काचेवरची धूळ पुसली आणि आतून कोलंबो, लंडन अशी नावं दिसायला लागली, तसा त्यांचा सूर बदलला. ‘‘आजोबांचो आसा तो. मुंबयसून बोटीन हाडललो.’’ बोटीचं भाडं तेव्हा किती होतं देव जाणे. ते मी व्याजासकट भरलं.

घरी आणून मागचा पुठ्ठा काढला. आत एक अख्खी वाडी वसलेली होती. स्टेशन बदलणाऱ्या गँग कंडेन्सरच्या पात्यांमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. स्पीकरचा कोन कुरतडून त्या कागदाची उंदरानं गादी केलेली. आणि गादीच्या उशाशी पोस्टाचं लायसनचं पुस्तक. रेडिओ ऐकायला तेव्हा सरकारी परवाना लागे. वर्षाला 15 रुपये भरायचे आणि पोस्टमास्तर पुस्तकात तिकिटं चिकटवून शिक्का मारायचे. 1980 च्या दशकात ही भानगड बंद झाली. उंदरानं तिकिटांची पानं तेवढी खाल्ली होती. डिंक गोड लागत असावा.

पुण्यात हा छंद असलेले एक स्नेही आहेत. ते फोनवर सांगतात, ‘‘अरे, कागदी कंडेन्सर बदल, फिल्टर बदल, झालं!’’ यांच्या दाराशी समुद्र नाही. इथली खारी हवा रात्रभर जागी असते. दुपारी दिलेला सोल्डरचा डाग चार महिन्यांत मळका होतो, पितळ हिरवं पडतं, बँड स्विच फिरवला की शेव तळल्यासारखा आवाज येतो. पावसाळ्यात कॅबिनेटवरचा लाकडी पापुद्रा टम्म फुगतो आणि डायलच्या दोरीला बुरा येतो. त्यांचा रेडिओ बिघडतो. आमचा आंबतो.

त्यातून हा निघाला एसी-डीसी सेट. काही शहरांत तेव्हा डीसी वीज होती, म्हणून दोन्हीवर चालणारे बिनट्रान्सफॉर्मरचे सेट निघत. यूसीएच 81, यूएफ 89, यूबीसी 81, यूएल 84 आणि यूवाय 85 असे पाच व्हॉल्व्ह, पाचांचे फिलामेंट, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एकाच माळेत ओवलेले, सगळ्यांतून 100 मिलिअँपिअरचा एकच प्रवाह. गणपतीच्या मखरातल्या माळेसारखं. एक गेला की पाचही अंधारात, आणि गेला कोण ते कुणी सांगत नाही.

दुसरा गुण असा, की प्लग उलटा बसला की आतली पत्र्याची चासी थेट फेजला. हे मला पाठ होतं, दहा जणांना सांगितलंही होतं. पण स्टेशनचं बटण हरवलेलं, म्हणून उघडी दांडी दोन बोटांनी फिरवायला गेलो. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी पडवीत आईच्या आमसुलांच्या सुपात बसलो होतो. आई धावत आली. तिनं आधी सूप बघितलं.

मग शहाणपण सुचलं आणि सिरीज बोर्ड करायला घेतला. रेडिओच्या वाटेत शंभराचा पिवळा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असला तर बल्ब भक्कन पेटतो, रेडिओ वाचतो. पण असा बल्ब आता मिळतो कुठे? अख्ख्या वाडीत एकच होता, शेजारच्या आबांच्या खुराड्यात, पिल्लांना ऊब द्यायला. पिल्लं मोठी होईपर्यंत तीन आठवडे थांबलो. रोज संध्याकाळी गडग्यावरून डोकावून बघायचो, पंख फुटले का. आबांना वाटलं माझा कोंबडीवर डोळा आहे.

बल्ब आला तर मल्टिमीटरनं मान टाकली. पडद्यावर काहीच नाही. खाऱ्या हवेला शिव्या घातल्या आणि पुढचं काम टेस्टर, नाक आणि रामनाम यांवर केलं. नवे कंडेन्सर घातले, स्पीकरला दुसऱ्या रेडिओचा कोन लावला (म्हणून तो दहावा मनात आलं तर लागतो). मिरगाच्या आधी एका संध्याकाळी स्विच दाबला. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की व्हॉल्व्ह तांबूस व्हायलाच दीड मिनिट गेलं. मग मिडियम वेव्हवर सुई 1143 किलोहर्ट्झकडे, रत्नागिरीकडे नेली. आणि आलं!

घर्रर्रर्र.

त्या घरघरीच्या तळाशी कुणीतरी खताबद्दल बोलत होतं. दोष रेडिओत नव्हता, घरात होता. एकेक वस्तू बंद करत सुटलो. मोबाइलचा चार्जर काढला, चार आणे घरघर कमी. वायफायचा डबा बंद केला, मुलगा घर सोडून गेला. ओटीवरचा एलईडी मालवला, आणखी चार आणे. आता राहिला देवघरातला लाल एलईडी. हात लावणार तोच मागून आई : ‘‘रेडिओसाठी देवाकडचो दिवो मालवतंस?’’ देव राहिला, घरघर राहिली. तशीही निम्मी आबांच्या घरातून येत होती.

त्याच वेळी वारा सुटला, कुठेतरी माड पडला असावा, आणि अख्ख्या गावाची वीज गेली. चार्जर नाही, एलईडी नाही, कोसभर परिसरात घरघर नाही. हवा धुतल्यासारखी स्वच्छ. आणि माझा रेडिओ विजेवरचा.

बायको म्हणाली, ‘‘इन्व्हर्टरवर लाव ना.’’ लावला. हजार भुंगे एकदम आत शिरले. बंद केला. अंधारात कपाळाला हात लावून बसलो.

तेवढ्यात मराठी बातम्या ऐकू आल्या. खणखणीत, शब्द न् शब्द. गडग्यापलीकडून आबा ओरडले, ‘‘लागलो मरे शेवटी!’’

मी रेडिओकडे बघितलं. तो थंड होता. आवाजाच्या मागावर चाचपडत पायरीपर्यंत गेलो. आई मांडीवर आपला जुना खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन बसली होती. त्यात गेली दोन वर्षं सेल नव्हते.

‘‘आये, सेल खंयसून हाडलंस?’’

‘‘तुझ्या मीटरातले,’’ ती म्हणाली. ‘‘थंय नुसते पडान होते.’’ आणि तिनं आवाज थोडा वाढवला.