वजन कर्मचाऱ्याचे, निकाल कामाचा

फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका प्रसिद्ध लेखिकेने एका अतिशय स्थूल पोलिसाचे छायाचित्र ट्विटरवर टाकून मुंबईतला बंदोबस्त किती ‘भारी’ आहे, अशी कोटी केली. गणवेश आपल्या दलाचा नाही, असे मुंबई पोलिसांनी लगेच सुनावले आणि ते निरीक्षक मध्य प्रदेश पोलिसांतले निघाले. आपले वजन खाण्यामुळे नव्हे, आजारपणामुळे वाढले आहे, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. पुढे मुंबईतच त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि बातमीचा शेवट गोड झाला. मला त्या गोड शेवटापेक्षा त्याआधीचा खुलासा अधिक खटकतो. त्यांच्या कामाविषयी कोणी काही विचारलेच नव्हते, तरीही स्वतःच्या शरीराचा वैद्यकीय इतिहास त्यांना देशभर सांगावा लागला.

मनुष्यबळ विभागात काम करताना हाच खुलासा मी लहान प्रमाणावर सतत पाहत आले आहे. ‘जरा सुटलीस गं’ असे लिफ्टमध्ये ऐकावे लागलेली सहकारी थायरॉइडचे नाव घेते, वाढदिवसाचा केक कापताना ‘याला डबल द्या’ म्हटल्यावर तो सहकारी इतरांच्या आधी स्वतःच हसतो. हे किमान ऐकू तरी येते. मुलाखतीनंतर जे बोलले जाते, ते उमेदवाराच्या कानावर कधीच पडत नाही. ‘जाड आहे म्हणून नको’ असे कोणत्याही अर्जावर लिहिलेले मी पाहिलेले नाही. त्याऐवजी ‘एनर्जी कमी वाटते’, ‘फिरतीचे काम झेपेल का’, ‘क्लायंटसमोर तितकी प्रेझेंटेबल नाही’ असे शेरे असतात आणि त्या शेऱ्यांना आव्हान देण्याची सोय नसते. स्त्रियांच्या वाट्याला हे अधिक येते, असे माझे निरीक्षण आहे.

काही ठिकाणी तर नियमच तसा असतो. २००९ च्या सुरुवातीला, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाने जास्त वजनाच्या कारणावरून काही हवाई सुंदरींना नोकरीतून काढले. २०१५ मध्ये सुमारे सव्वाशे जणांना विमानातील कामावरून उतरवण्याची तयारी असल्याच्या बातम्या आल्या. त्या वेळच्या निकषांत बॉडी मास इंडेक्सची, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन किती हे सांगणाऱ्या बीएमआय या आकड्याची, सामान्य मर्यादा पुरुषांसाठी २५ आणि स्त्रियांसाठी २२ होती. कारण सुरक्षिततेचे दिले जात असे. आपत्कालीन दार उघडता येणे, अरुंद जागेतून प्रवाशांना वेगाने बाहेर काढता येणे या कसोट्या मला पूर्णपणे मान्य आहेत. पण मग त्याच कसोट्या घ्याव्यात. विमानाचे दार स्त्रीसाठी अधिक जड होत नाही.

शिवाय बीएमआय हा आकडा स्वतः किती सांगतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबीचा असू शकतो, हे त्यातून जगाला कळले. (स्त्रियांच्या वरील मर्यादेत हे दोन्ही डॉक्टर नापास झाले असते.) तेव्हा नुसत्या डोळ्यांनी सहकाऱ्याच्या आरोग्याचे निदान करणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे.

वजन वाढण्यात अनुवंशिकतेचा, औषधांचा आणि झोपेचा वाटा मोठा असतो, आणि झोप तर पुष्कळदा नोकरीच हिरावून घेते. रात्रपाळी, बारा-बारा तासांची ड्युटी, अवेळी मिळणारा वडापाव हे सगळे मालकाने द्यायचे आणि पोट मात्र कर्मचाऱ्याच्या आळसाच्या खात्यावर मांडायचे, हा हिशेब मला पटत नाही. मुंबई पोलिसांनी २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू केला, तो मला कोणत्याही वजन घटवण्याच्या स्पर्धेपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

स्थूलतेने आजार वाढतात, हे मी नाकारत नाही. मात्र टोमण्यांनी वजन उतरत नाही. उलट माणूस जिमला आणि डॉक्टरकडे जायलाच कचरतो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्थूलता नाही, आणि ती तिथे घालावी असे माझे म्हणणेही नाही, कारण बहुसंख्य स्थूल माणसे आपले काम व्यवस्थित करतात आणि त्यांना प्रमाणपत्र नव्हे, समान संधी हवी आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९७६ मध्येच नोकरीत वजनावरून भेदभाव करण्यास बंदी घातली आणि न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत कंपन्यांना दोन गोष्टी आजही करता येतील: मुलाखतीच्या शेऱ्यांत ‘प्रेझेंटेबल’सारख्या शब्दासमोर कारण लिहिणे सक्तीचे करावे आणि वार्षिक आरोग्य तपासणीचा अहवाल वरिष्ठांकडे न पाठवता फक्त कर्मचाऱ्याच्याच हाती द्यावा.