ओटल्यावर चौघे

आमच्या इंदुरात कट्ट्याला ओटला म्हणतात. रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर रविवारी पोहे येतात, वर शेव-जिरावण, आणि पोह्यांमागून विषय. या वेळी तो नानांनी आणला. मीरा रोडचा २०२५ सालचा व्हिडिओ फिरत फिरत पुन्हा त्यांच्या मोबाइलवर आला होता: मराठी बोलत नाही म्हणून दुकानदाराच्या थोबाडीत.

"दहा-दहा वर्षं आत टाका यांना," नाना तडकले. "भाषा, जात, धर्म बघून हात उचलला की शिक्षा दुप्पट. करा एकदाचा कायदा." हिंदीच्या गावात त्यांच्या तीन पिढ्या मराठी बोलत राहिल्या, कुणी डोळे वटारले नाहीत. तेच आठवलं असावं.

बंडूचं नमकीनचं दुकान. तो सगळं तराजूत घालतो. "भिया, मार म्हणजे मार. माझ्या नाकावरचा ठोसा जातीवरून असो की उधारीवरून, रक्त तेवढंच येणार. मग दुप्पट कशाबद्दल? मनात काय होतं त्याबद्दल?"

वकिलांनी आधी पोहे संपवले. "मनाचा हिशोब कायदा रोजच करतो. ठरवून मारणं आणि झटापटीत माणूस जाणं एकच धरतो का तो? अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, १९८९ साली काळ्या पोरांनी एका गोऱ्या पोराला निव्वळ गोरा म्हणून बडवलं. चार दिवस बेशुद्ध होता. चिथावणाऱ्याला मूळ कलमात जास्तीत जास्त दोन वर्षं होती. वंश बघून माणूस निवडला म्हणून मर्यादा सातवर गेली, मिळाली चार. विचारांना शिक्षा देताय, म्हणत तो वरच्या कोर्टात गेला. १९९३ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट एकमतानं म्हणालं, शिक्षा कृत्याला आहे."

"म्हणजे काळ्यांसाठीचा कायदा काळ्यावरच लागला?" बंडू.

"काळ्यांसाठीचा कुणी सांगितलं? कायद्यात ‘वंशावरून’ एवढंच असतं. कुणाच्या वंशावरून, ते नसतं."

"मग आपल्याकडे आणा ना तसा," नाना.

"आहे की. भारतीय न्याय संहिता, जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली, १ जुलै २०२४ पासून. कलम १०३, पोटकलम दोन. पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप."

"आणि साध्या खुनाला?" मी विचारलं.

"फाशी किंवा जन्मठेप."

नानांचा चमचा थांबला.

"गंमत पुढेच आहे. झुंडबळींसाठी वेगळा गुन्हा करा, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये संसदेला सुचवलं. २०२३ च्या पहिल्या मसुद्यात अशा खुनाला किमान सात वर्षं ठेवली होती, म्हणजे साध्या खुनापेक्षा स्वस्त! नंतर सुधारलं. जबर दुखापतीचंही तेच, झुंडीनं केली तरी सात वर्षांपर्यंत, एकट्यानं केली तरी सात."

"मग वाढलं काय?"

"नाव."

बंडू हसला. मला हसू आलं नाही. नाव मिळणं लहान गोष्ट नाही, पण ते ठाण्यात लिहिलं जायला हवं. आपल्याकडे एफआयआरमध्ये ‘आपसी विवाद’ एवढे दोन शब्द पडले की ज्या कारणासाठी माणूस मार खातो तेच कागदावरून पुसलं जातं. पुढे कलमात सात वर्षं असोत नाहीतर सत्तर. नानांचा सगळा राग वर्षांवर होता, माझा त्या दोन शब्दांवर आहे.

वकील म्हणाले, लिहिलं तरी सिद्ध करणं कठीण. ॲट्रॉसिटी कायद्याच्या एका पोटकलमात, जन्मठेपेच्या, ‘जातीच्या कारणावरून’ असे शब्द होते. २०१५ च्या दुरुस्तीनं तिथे ‘जात माहीत असून’ आलं, तेव्हा कुठे फिर्यादी पक्षाचं ओझं जरा हलकं झालं.

"पण माझी थोबाडीत?" नाना मुद्दा सोडेनात.

"साधी दुखापत. कलम ११५. एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाषेवरून मारली की पार्किंगवरून, कलमाला फरक नाही. झुंडीचं कलम जबर दुखापतीपासून सुरू होतं, आणि पाच माणसांपासून."

"चौघांनी मारलं तर?"

"तर नाही."

बंडूनं बोटानं आम्हाला मोजलं. नाना, वकील, मी, तो. मग रिकामे ग्लास गोळा करायला आलेल्या चहावाल्या पोराला म्हणाला, "तू जरा लांब उभा राहा रे, भिया."