आहे, पण देत नाही

चाळकेवाडीच्या पठारावर आमची वडिलोपार्जित दोन खोल्यांची वास्तू आहे. वास्तू म्हणायचं, कारण घर म्हटलं की लोक लगेच "लाइट आहे का?" विचारतात. डोक्यावर पवनचक्क्या घरघरताहेत, डोंगरापलीकडे १,९६० मेगावॅटची कोयना, आणि मधे आम्ही कंदिलाची काच पुसत बसलेलो. लाइन आणायला किती खांब लागतील ते ऐकलं आणि अर्जाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. सोलरचं ठरलं.

पॅनेल आणि बॅटरी घेताना मी बैलाचे दात बघावेत तशी पारख केली. ३३० वॅटचं पॅनेल, १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी. पैसे देऊन निघणार, तेवढ्यात दुकानदारानं साबणाच्या डबीएवढी एक निळी वस्तू पुढं सरकवली.

"हा चार्ज कंट्रोलर. बॅटरी जास्त भरू देत नाही, पार रिकामी होऊ देत नाही, रात्री करंट उलटा पॅनेलमध्ये जाऊ देत नाही."

एवढ्याशा देहात एवढी कामं करणारं आमच्या ऑफिसात कुणी नव्हतं. एक साडेसातशेचा होता, एक साडेसहा हजारांचा. फरक काय, विचारलं. "साहेब, तो एमपीपीटी," दुकानदार म्हणाला. "अस्सं," मी म्हणालो. यापुढं त्यालाही काही सांगता येईना आणि मलाही विचारता येईना. साडेसातशेचा घेतला.

जोडायचं स्वतःच. भर दुपारी दीडला पॅनेल पत्र्यावर चढवलं, त्याच्या वायरी डबीत खुपसल्या, मग हात झटकत बॅटरीकडे वळलो. मागं वळून पाहतो तर डबीतून उदबत्तीसारखी बारीक रेघ निघालेली.

"आवो, काय केलं हे?" आप्पा वायरमननं कपाळाला हात लावला. "पहिली बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना पहिलं पॅनेल. बॅटरी दिसल्याबिगर त्याला कळणार कसं, बारा व्होल्टचं घर हाय का चोवीसचं?"

सत्यनारायणात मांडामांड चुकली तर भटजी क्षमेचा एक श्लोक म्हणून पुढं जातात. इथं तशी सोय नाही. आणखी साडेसातशे.

दिवे लागले. लागले म्हणजे इतके लागले की मी साडूंना मुद्दाम जेवायला बोलावलं. संध्याकाळपासून पंखा, अंगणातला बल्ब, मोबाइलला चार्जिंग, सगळं चालू. "उन्हावर चालतंय बरं का," हे मी तीनदा सांगितलं. रश्श्याचं पातेलं उतरलं, पहिला घास उचलला आणि काळोख.

बॅटरी ११.१ व्होल्टवर आली की ही डबी लोड, म्हणजे दिवे-पंखा, तोडते. मी चाचपडत तिच्याकडे गेलो तर आकडा १२.१! पोतं खाली टाकल्यावर हमाल कसा ताठ होतो, तशी लोड सुटला की बॅटरीही जरा वर येते. "अगं, आता आहेत की बारा!" मी बटण दाबलं. हूं नाही की चूं नाही. १२.६ झाल्याशिवाय ती परत सोडत नाही, कारण लगेच सोडलं तर दिवे रात्रभर लागत-विझत बसतील. तर्क बिनतोड आहे. फक्त भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडतोय की पाण्याच्या तांब्यात, हे दिसत नसताना तो पटत नाही. आहे, पण देत नाही. असे काही नातेवाईकही मला आहेत, पण ते निदान तोंडानं नाही म्हणतात.

"उन्हावर चालतं ना?" साडू अंधारातून म्हणाले. "मग दुपारी बोलवायचं."

तरी एवढं मोठं पॅनेल, आणि बॅटरी कधी पोटभर होतच नाही, हे कोडं सुटेना. कराडला इंजिनिअरिंगला असलेला भाचा सुट्टीत आला, पॅनेलच्या पाठीवरचं लेबल वाचून हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"मामा, हे ३७ व्होल्टला चालणारं पॅनेल. तुमची डबी पीडब्ल्यूएम. ती नुसतं दार उघडते आणि लावते. दार उघडलं की पॅनेलला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खाली यावं लागतं. अँपिअर तेवढेच राहतात, ९. नऊ तेरे?"

"एकशे सतरा."

"पॅनेल ३३०चं."

"मग बाकीचे २१३ वॅट गेले कुठं?"

"कुठंच गेले नाहीत. निघालेच नाहीत."

चोरीला गेले असते तर निदान कुणाला शिव्या देता आल्या असत्या. एमपीपीटी म्हणे जादाचे व्होल्ट मोडून अँपिअर करून देतो, वाणी नोट मोडून देतो तसा. थोडीशी दलाली कापून. "म्हणजे तीन खोल्यांचं भाडं भरून आपण एकाच खोलीत राहत होतो," बायकोनं सगळं इंजिनिअरिंग एका वाक्यात उरकलं.

दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला उतरलो आणि साडेसहा हजार मोजले. आप्पांनी जोडला, मला हात लावू दिला नाही. दुपारी डबीवर २० अँपिअर! मे महिना आम्ही राजासारखा काढला. जेवताना मी डबीकडे तोंड करून बसायचो. साडूंना पुन्हा बोलावलं, पण त्यांना दुपारी वेळ नव्हता.

मग जून आला. आमच्या पठारावर धुकं असं उतरतं की पवनचक्कीचा नुसता आवाज येतो, पातं दिसत नाही. पाचव्या दिवशी डबीवर ०.४ अँपिअर. त्यातूनही ती बिचारी सगळ्यात जास्त वीज कुठं मिळेल ते दिवसभर शोधत होती. मीही तिच्यासमोर स्टूल टाकून बसलो होतो. दुपारी दीडला आकडा हलला.

"अगं, ०.७ झाले!" मी ओरडलो.

बायको कंदिलाची काच पुसत होती.

"जरा बाजूला व्हा," ती म्हणाली, "उजेड अडतोय."