प्री-सीझनची इन्जरी लिस्ट वाचताना मागचा ऑक्टोबर विसरू नका

मंडळी, फेब्रुवारी आला की फुटीवाल्या (म्हणजे ऑस्ट्रेलियन रुल्स फुटबॉलवाल्या) ग्रुपांवर दुसरा विषयच नसतो. कोणाची हॅमस्ट्रिंग गेली, कोणाची पोटरी धरली, कोण बूट घालून बाजूला सायकल मारतोय आणि कोणाचा स्कॅन उद्या आहे. मीही सगळं वाचते, वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबची मेंबर आहे, मेलबर्नच्या वेस्टर्न सबर्ब्जमध्ये राहते, वाचल्याशिवाय राहवत नाही. पण दरवर्षी ही चर्चा चुकीच्या जागी सुरू होते असं माझं ठाम मत आहे आणि आज ते सविस्तर लिहितेच. इन्जरी फेब्रुवारीत होते, पण ती टीमला किती महागात पडणार हे आदल्या ऑक्टोबरात ठरलेलं असतं, जेव्हा ट्रेड होतात आणि क्लब कोणाला ठेवायचं, कोणाला जाऊ द्यायचं ते ठरवतो.

आपल्यातले जे इकडे नवीन आलेत आणि पोरांना ऑसकिकला (लहान मुलांच्या फुटीला) सोडता सोडता फुटी बघायला लागलेत ते नेहमी विचारतात की एवढे प्लेयर जखमी आहेत तर दुसरे विकत का नाही घेत. घेताच येत नाहीत हो. एएफएलमध्ये, म्हणजे फुटीच्या मुख्य लीगमध्ये, सीझन चालू असताना ट्रेड नाही. एका क्लबच्या लिस्टवर रुकी धरून चाळीसच्या थोडे वर प्लेयर असतात, मॅचला बेंचसकट २३ लागतात, आणि मार्चपासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत ह्याच लोकांत भागवायचं. कोणी पूर्ण सीझनसाठी बाहेर गेला तर सीझन सुरू व्हायच्या आधी त्याला इनॅक्टिव्ह लिस्टवर टाकून त्याच्या जागी एखादा ट्रेनिंगला बोलावलेला मुलगा घेता येतो, मग मध्यावर एक छोटा मिड-सीझन ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीनं नवे प्लेयर निवडणं) असतो, बस. त्या ड्राफ्टातून कधी हिरा सापडतो हे खरं, रिचमंडनी २०१९ ला साउथ फ्रीमँटलच्या मार्लियन पिकेटला घेतला आणि त्याचं डेब्यू थेट ग्रँड फायनलला झालं, आणि ती त्यांनी ८९ पॉइंटनी जिंकली. पण असा पिकेट रोज मिळत नाही आणि त्याच्या भरवशावर कोणी लिस्ट बांधत नाही.

आता आमचीच गोष्ट घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये ट्रेनिंगला बेली स्मिथचं एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) गेलं, २०२४ चा अख्खा सीझन गेला, आणि ऑक्टोबरमध्ये तो जिलाँगला गेला. त्याच ऑक्टोबरात जॅक मॅक्रे सेंट किल्डाला आणि केलेब डॅनियल नॉर्थ मेलबर्नला. मॅक्रे आणि डॅनियल दोघं २०१६ च्या प्रीमियरशिपचे (अजिंक्यपदाचे) प्लेयर, २०२४ मध्ये त्यांना बरेचदा व्हीएफएलमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, खेळवलं होतं, त्यामुळे त्यांनी जावं ह्यात त्यांची काही चूक नाही, कोणीही गेला असता. तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की बरं झालं, जागा मोकळी झाली, पोरांना चान्स मिळेल. मग आला २०२५ चा प्री-सीझन. ॲडम ट्रेलोरची पोटरी. लियम जोन्सची हॅमस्ट्रिंग. कोडी वेटमनचा गुडघा, त्याचा तर पूर्ण सीझनच गेला. आणि राउंड वन तोंडावर आलेला असताना मार्कस बॉन्टेम्पेलीची पोटरी. कॅप्टन, लीगमधल्या सगळ्यात भारी दोन-तीन प्लेयरपैकी एक, आणि सुरुवातीच्या मॅचेसना तो नाही. नंतर सॅम डार्सीपण गुडघ्यामुळे काही आठवडे बसला.

त्या वर्षी आम्ही १४ मॅच जिंकलो आणि नववे आलो. तेव्हा आठच टीम सप्टेंबरच्या फायनल्सला जायच्या, आम्ही नववे! १४ जिंकून सप्टेंबरमध्ये घरी बसायचं म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. सुरुवातीला कॉलिंगवूडची मॅच अगदी थोडक्यात हातून गेली होती, ती मला अजून बोचते, कारण तिथे मिडफिल्डमध्ये एक शांत डोक्याचा, दोनशेच्यावर मॅच खेळलेला माणूस जास्तीचा असता तर शेवटची दहा मिनिटं वेगळी गेली असती असं मला मनापासून वाटतं. मॅक्रेसारखाच माणूस.

क्लबला सगळा दोष देत नाहीये, तसं केलं तर अन्याय होईल. मॅथ्यू केनेडीला कार्लटनकडून आणलं ते फार चांगलं काम झालं, एड रिचर्ड्स डिफेन्समधून मिडफिल्डला आला आणि नुसता फुलला, जोएल फ्रायहानी मिळालेला चान्स दोन्ही हातांनी घेतला. रोरी लॉब, अख्खं करिअर फॉरवर्ड आणि रक (वर उडालेला बॉल उडी मारून आपल्या टीमकडे ढकलणारा उंच प्लेयर) म्हणून खेळलेला माणूस, २०२४ मध्ये त्याला मागे नेलं आणि तो तिथे असा काही उभा राहिला की आता त्याच्याशिवाय डिफेन्सचा विचार होत नाही. हीसुद्धा डेप्थच आहे, एक माणूस दोन जागा सांभाळतो तेव्हा लिस्टवरची एक जागा वाचते. आणि जेम्स ओ'डॉनेल, ज्याचे वडील सायमन ओ'डॉनेल आपल्याला १९८७ च्या वर्ल्ड कपमुळे ठाऊक आहेत, ईडन गार्डन्सवर फायनल जिंकलेल्या टीममध्ये होते ते. हा मुलगा नेहमीच्या ड्राफ्टच्या वाटेनं न येता रुकी म्हणून लिस्टवर आला आणि आज आमच्या डिफेन्समध्ये खेळतोय. म्हणजे क्लबला माणसं शोधता येतात. मग शोधलेली, घडवलेली माणसं राखता का येत नाहीत, एवढंच विचारते.

कारण राखली की काय होतं ते आमच्याच क्लबनी दाखवलंय. २०१६. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या वर्षी कॅप्टन बॉब मर्फीचा गुडघा तिसऱ्याच राउंडला गेला. मिच वॉलिसचा पाय मोडला, जॅक रेडपाथचं एसीएल गेलं, सीझनच्या शेवटाला लिबरेटोर आणि मॅक्रेपण जखमी होते. आम्ही सातवे आलो. तरी चार फायनल्स जिंकून ६२ वर्षांनी प्रीमियरशिप आणली. लोक त्याला चमत्कार म्हणतात आणि मला ते पटत नाही. प्रिलिमिनरी फायनल (ग्रँड फायनलच्या आधीची मॅच) शनिवारी झाली, सिडनीच्या जीडब्ल्यूएस क्लबला त्यांच्या गावात जाऊन ६ पॉइंटनी हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी आमच्या फुटस्क्रेच्या रिझर्व टीमनी व्हीएफएलची प्रीमियरशिप जिंकली. दुसऱ्या दिवशी! पहिल्या टीममध्ये न बसलेली पोरं एवढी चांगली होती की ती आपली वेगळी लीग जिंकून आली. हॅमलिंग, फ्लेचर रॉबर्ट्स, झेन कॉर्डी ही नावं कोणाच्या भिंतीवर पोस्टर म्हणून नव्हती, पण १ ऑक्टोबरला एमसीजीवर सिडनीसमोर हीच माणसं उभी होती. क्ले स्मिथ, ज्याचा गुडघा एकदा नाही, तीनदा गेला होता, त्यानी प्रिलिममध्ये चार गोल मारले. आणि कोच ब्युव्हरिजनी स्टेजवर स्वतःचं मेडल काढून मर्फीच्या गळ्यात घातलं ते तर सगळ्यांनीच पाहिलंय. नशिबाचा भाग होताच, त्याच वर्षी फायनल्सच्या आधी पहिल्यांदा एक आठवड्याची सुट्टी आली आणि आमचे जखमी परत आले. पण तोपर्यंत टीमला फायनल्समध्ये ठेवलं कोणी? बदली खेळलेल्या पोरांनी.

दुसऱ्यांचं बघायचं तर ब्रिस्बेन बघा. २०२४ च्या पहिल्याच मॅचला कीडियन कोलमनचं एसीएल, मग लिंकन मकार्थी, टॉम डूडी, एकामागून एक गुडघे गेले. दुसरी टीम कोसळली असती. ते पाचवे आले, फायनल्समध्ये पोचले, आणि प्रिलिममध्ये त्यांचा मेन रक ऑस्कर मॅकइनर्नीचा खांदा निखळला. ग्रँड फायनलला रक कोण? डार्सी फोर्ट. जिलाँगकडून आणलेला, बहुतेक वेळ व्हीएफएलमध्ये काढलेला, तीस ओलांडलेला माणूस. सिडनीला त्यांनी ६० पॉइंटनी धुतलं आणि फोर्ट प्रीमियरशिप प्लेयर झाला. असा माणूस दोन-तीन वर्षं लिस्टवर सांभाळणं म्हणजे एखाद्या हुशार १८ वर्षांच्या पोराची जागा अडवणं, असं स्प्रेडशीटवाले म्हणतील. मी म्हणते अडवा की. रक हा असा प्रकार आहे की तिथे पोरगं तयार व्हायला चार-पाच वर्षं जातात, तोवर समोरचा ११० किलोचा माणूस त्याला ढकलून देतो.

उलट बाजू वेस्ट कोस्टची. २०१८ ला निक नैटानुईचा गुडघा जुलैमध्ये गेला तरी लायसेट आणि वार्डी ह्या दोघांनी रकचं काम केलं आणि फ्लॅग, म्हणजे प्रीमियरशिप, आला. पाच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, तोच क्लब सिडनीत १७१ पॉइंटनी हरला. तेव्हा त्यांची इन्जरी लिस्ट बघवत नव्हती, खाली डब्ल्यूएएफएल ह्या स्थानिक लीगमधली टीमसुद्धा कशीबशी उभी राहत होती. जुन्या टीमला फार काळ धरून ठेवलं आणि मधल्या वयाचे, २३ ते २७ चे प्लेयर तयारच झाले नाहीत, असं माझं वाचन. जखमी सगळीकडे होतात, त्यांच्याकडे मागे कोणी उरलं नव्हतं.

आता प्री-सीझनमध्ये नेमकं काय होतं त्याबद्दल थोडं, कारण "ट्रेनिंगमध्येच कसे काय जखमी होतात" हा प्रश्नपण येतो. नोव्हेंबरमध्ये तरुण पोरं आधी येतात, मग सीनियर, पहिल्याच दिवसांत दोन किलोमीटरची टाइम ट्रायल, नाताळची सुट्टी, आणि जानेवारीत मेलबर्नच्या उन्हात कडक झालेल्या मैदानावर लोड वाढत जातो. मिडफिल्डर मॅचमध्ये १२ ते १५ किलोमीटर धावतो, त्यात पूर्ण वेगाचे स्प्रिंट, पळता पळता वाकून बॉल उचलणं, लगेच किक. मांडीच्या मागच्या स्नायूवर ह्याच्याएवढा ताण क्वचितच कुठल्या खेळात येत असेल, लीगचा इन्जरी सर्व्हे १९९२ पासून चालू आहे आणि हॅमस्ट्रिंग कायम वरच्या नंबरात. त्यात फेब्रुवारीच्या मॅच सिम्युलेशनला पहिल्यांदा कोणीतरी समोरून जीव खाऊन टॅकल करतं. सिडनीच्या एरल गुल्डेनचा घोटा २०२५ ला असाच सीझनआधीच्या मॅचमध्ये गेला, आणि आदल्या सप्टेंबरला ग्रँड फायनल खेळलेली टीम त्या वर्षी दहावी आली.

त्यात डोक्याच्या इन्जरी. कन्कशन झालं की किमान १२ दिवस बाहेर, म्हणजे एक मॅच गेलीच, आणि हा नियम मला पूर्ण मान्य आहे, अजून कडक केला तरी चालेल. मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉनी फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे ऐन प्री-सीझनमध्ये, डॉक्टरांच्या सल्ल्यानी खेळणं सोडलं. २८ वर्षांचा. दोन महिन्यांनी कॉलिंगवूडचा नेथन मर्फी, आदल्या वर्षीचा प्रीमियरशिप डिफेंडर, तोही गेला. ह्यांच्या जागा फेब्रुवारी-एप्रिलमध्ये कुठून भरायच्या? ज्या क्लबकडे मागे माणूस उभा असतो तोच आपल्या प्लेयरला म्हणू शकतो की बाबा, तू घरी जा, तुझं डोकं सांभाळ, आम्ही बघतो. मला डेप्थ महत्त्वाची वाटते ती मुख्य ह्यासाठी. मागे कोणी नसलं की अर्ध्या बऱ्या झालेल्या पोटरीवर कॅप्टनला उतरवायचा मोह होतो, आणि ती पोटरी पुन्हा धरली की मग तीनाचे आठ आठवडे होतात. बॉन्ट फेब्रुवारीत जरा जरी लंगडताना दिसला तर त्याला राउंड थ्रीपर्यंत बसवा, मी एक शब्द तक्रार करणार नाही.

आणि तो २९व्या, ३०व्या नंबरचा मुलगा. त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, आठवडाभर स्टारसोबत तेवढीच ट्रेनिंग, आणि मग शनिवारी व्हीएफएलची मॅच, समोर थोडेसे लोक, वारा असा की बॉल परत अंगावर येतो. गुरुवारी टीम जाहीर होते, ह्याचं नाव "इमर्जन्सी" मध्ये, म्हणजे राखीव. सप्टेंबर संपला की त्याला फोन येतो आणि लिस्टवरून नाव कमी होतं. पण जूनमध्ये चार जण एकदम बाहेर गेले तर ह्यालाच थेट मार्वल स्टेडियमला हजारो लोकांपुढे उभं राहायचंय, आणि तेव्हा आपण सोशल मीडियावर त्याला शिव्या घालतो की एक मार्क (हवेतला कॅच) घेता येत नाही. मला हे बघवत नाही. २०२५ ला एसेन्डनकडे बघा, इन्जरी एवढ्या झाल्या की डेब्यूवर डेब्यू चालले होते, पोरं धड तयार नसताना उतरवली गेली आणि हरत राहिली. त्या पोरांचा काय दोष?

२०२८ ला टास्मानियाची टीम येणार असं ठरलंय, १९वा क्लब, म्हणजे आहे तेवढ्याच प्लेयरमधून अजून एक पूर्ण लिस्ट भरायची. त्या टीमच्या मी बाजूनी आहे, टास्मानियाला ती फार आधी मिळायला हवी होती. पण त्याच वेळी प्रत्येक क्लबला लिस्टवर दोन-तीन जागा वाढवून द्या, निदान दोन वर्षांची कॉन्ट्रॅक्ट द्या त्या खालच्या पोरांना, आणि व्हीएफएलवर पैसा घाला. लीगकडे पैसे नाहीत असं कोणी सांगू नये.

आपल्या वेरीबी, टारनीट, पॉइंट कूकच्या मंडळींना एक सांगते. व्हिटन ओव्हलला फुटस्क्रेची व्हीएफएल मॅच असते तेव्हा पोरांना घेऊन या, घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि मैदानाच्या अगदी कडेला उभं राहून बघता येतं. आणि ह्या महिन्याच्या प्रॅक्टिस मॅचला बॉन्टनी किती डिस्पोजल (किक आणि हँडबॉल) घेतले ते मला कमेंटमध्ये सांगू नका, ते तो घेणारच आहे. तिसऱ्या क्वार्टरनंतर सीनियर लोक ट्रॅकसूट घालून बसतात तेव्हा दुसरा रक कोण उतरतो, तिसरा उंच डिफेंडर कोण आहे आणि तो दमल्यावरही माणसाला धरून राहतो का, एवढं बघून लिहा.